ऑपरेटरबाईंचा उजवा कान

सकाळी उठल्यावर ऑपरेटरबाई तोंडही धुवायच्या आधी फोनपाशी जायच्या, रिसीवर उचलून उजव्या कानाला लावायच्या आणि "टोन आहे" असं घराला जाहीर करून ठेवून द्यायच्या. फोन कुणालाच करायचा नसायचा. त्यांनी फोन करावा अशी बरीचशी माणसं एक तर वर गेली होती, नाहीतर मोबाइलवर. पण टोन आहे म्हटल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे, आणि तो नसता तर त्या काय करणार होत्या हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. एकोणिसाव्या वर्षी त्या तिथं चिकटल्या तेव्हा एका लांबलचक खोलीत बावीस बायका ओळीनं बसायच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हेडफोन, समोर भोकांचा आणि दिव्यांचा बोर्ड. दिवा लागला म्हणजे कुणीतरी बोलू पाहतंय. वायरीचं एक टोक त्या भोकात खुपसायचं, "नंबर प्लीज" म्हणायचं आणि दुसरं टोक, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या भोकात. परगावच्या कॉलचे तीन प्रकार: ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाय देऊन पुढे जाणारा लायटनिंग. तीन मिनिटं झाली की मध्येच तोंड घालून सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" माणसं प्रेमात असोत, भांडणात असोत की मयताची बातमी देत असोत, तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा कडक नियम होता. ऑपरेटरबाई म्हणायच्या, "मी कध्धी ऐकलं नाही हो," आणि मग पुढचा तासभर कुठल्या डॉक्टरनं कुठल्या वकिलाच्या बायकोला काय म्हटलं होतं ते काना-मात्रेसकट सांगायच्या.

नवरा चित्रकलेचा शिक्षक होता आणि अत्यंत मितभाषी. "दिवसभर कान किटायचे माझे," त्या सांगायच्या, "घरी मुका माणूस मिळाला हे नशीबच." तो गेलाही तसाच, एका सकाळी पेपर वाचता वाचता. भेटायला आलेल्या बायका डोळे पुसत होत्या, तेव्हा ऑपरेटरबाई म्हणाल्या, "जाताना निदान 'ठेवतो' तरी म्हणायचं की नाही?" दोघी-तिघींना हसू फुटलं आणि ते लपवायला त्यांना पुन्हा रडावं लागलं.

निवृत्त झाल्यावर सातव्या वर्षी एका सकाळी टोन गेला.

त्यांनी लगोलग तक्रार नोंदवली, तीही जुन्या खात्यातली माणसं कशी झोपा काढतात यावरच्या छोट्या भाषणासकट. दुपारी लाइनमन आला. त्यानं रिसीवर कानाला लावला.

"बाई, टोन ठणठणीत आहे."

"मग मी काय खोटं बोलतेय?"

त्यानं रिसीवर त्यांच्या डाव्या कानापाशी धरला. टूऽऽऽ. मग उजव्या कानापाशी धरला. तिथं विहीर होती, कोरडी. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मग तो आपले पेचकस पिशवीत भरायला लागला.

"लाइन चालू आहे, बाई. ऐकणारं इन्स्ट्रुमेंट जरा जुनं झालंय."

"मग बदलून द्या."

"ते आमच्या खात्यात येत नाही," लाइनमन म्हणाला आणि चहाही न घेता गेला.

त्या दिवसापासून त्यांनी रिसीवर डाव्या कानाला लावायला सुरुवात केली. कुणाच्या लक्षात आलं नाही. डावा कानही हळूहळू रडतखडत काम करायला लागला, तेव्हा त्यांनी एक पद्धत बसवली. पहिला नियम, सतत आपणच बोलायचं, म्हणजे समोरच्याला विचारायला जागा राहत नाही. दुसरा नियम, उत्तर घड्याळात बघून द्यायचं. सकाळी आठला कुणी ओठ हलवले तर तो डब्याबद्दल विचारतोय, दुपारी चारला चहाबद्दल, रात्री नऊला दार लावलं का. दहातली आठ उत्तरं बरोबर यायची. उरलेली दोन लोक विनोद म्हणून खपवून घ्यायचे. चार वर्षं हे गुपित त्यांनी असं सांभाळलं की घरातल्या भिंतींनाही ऐकू गेलं नाही.

मग नात झाली.

ती ठरल्या तारखेच्या तीन आठवडे आधीच आली, म्हणून ऑपरेटरबाईंनी दवाखान्यातच तिचं नाव लायटनिंग ठेवलं. आईबापांनी वहीभर नावं लिहून, त्यातली खोडून, उरलेल्यांवर भांडून एक सुंदर नाव काढलं होतं. "ते असू दे शाळेसाठी," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

बाळ घरात आलं आणि घड्याळाची पद्धत कोलमडली. बाळाला वेळेचं काही सोयरसुतकच नव्हतं, आणि बाळाच्या आईला सिंककडे तोंड करून, टॉवेल दातात धरून, दुसऱ्या खोलीतून, कुठूनही बोलायची सवय लागली होती.

"आई, तिला ताप आहे का बघता?"

"माप कशाला घ्यायचं? मोठाच आण फ्रॉक, वाढतं अंग आहे."

"आई, उद्या लस द्यायचीय तिला."

"ऊस? अगं, दात तरी येऊ देत!"

"आई, तिला शी झालीय."

"कोण मावशी आलीय? बसव की तिला, उभी काय ठेवलीस!"

सून हसायची. आईंचा स्वभाव मजेशीर आहे असं तिनं माहेरी फोनवर सांगितलंही होतं. सून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नळाचं, टाकीचं, बाटलीतलं, काचेसारखं स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर तर तिचा मुळीच विश्वास नसे. पण सासूचा नमुना तपासायला घ्यावा असं तिला अजून वाटलं नव्हतं. मुलगा ऑफिसच्या खुर्च्या विकायचा. दिवसभर अनोळखी माणसांना बसवून तो इतका थकायचा, की घरी आला की स्वतः बसायचा, तो उठायचाच नाही. बापासारखाच, कमी बोलणारा.

सुनेची रजा संपत आली होती. पुढच्या सोमवारपासून बाळाला दिवसभर कोण बघणार, हा प्रश्न होता. कोपऱ्यावर एक पाळणाघर होतं. त्याच्या भिंतीवर बदकं काढलेली होती आणि ती बदकं ऑपरेटरबाईंना कपटी वाटायची. "त्यांचे डोळे बघितलेस? मुलं सांभाळणाऱ्यांचे डोळे असे नसतात." त्यांना स्वतःला नात सांभाळायची होती. एकोणिसाव्या वर्षी दिलेल्या एक्सचेंजच्या मुलाखतीनंतर ही त्यांची दुसरी मुलाखत होती. फक्त आताच्या मुलाखतीत नापास झालं तर दुसरीकडे अर्ज करायची सोय नव्हती.

त्याचं कारण त्या कुणाला सांगत नसत. मुलगा तीन महिन्यांचा असताना त्या कामावर परत गेल्या होत्या. बाळ सांभाळायला सासूबाई होत्या. सासूबाई दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायच्या, त्यातले पंधरा टोमणे. पण रोज दुपारी अडीचला त्या बाळाला काखोटीला मारून खालच्या औषधाच्या दुकानात जायच्या आणि तिथून एक्सचेंजला फोन लावायच्या. "घे. बोलतोय तुझा." मग रिसीवर बाळाच्या तोंडाला. बाळ कसलं बोलतंय, ते रिसीवर चाटायचं. हेडफोनमध्ये चपचप, श्वास, मधूनच एक खोल, विचारपूर्वक 'हं'. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरबाई स्वतःच वायर ओढायच्या. संध्याकाळी घरी आल्या की सासूबाई म्हणायच्या, "भांडी तशीच पडलीयत." फोनबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही आणि ऑपरेटरबाईंनीही विचारलं नाही. उजव्या कानानं जे जे ऐकलं, त्यात ते चपचप त्यांना अजून जसंच्या तसं आठवायचं.

सुनेनं तोडगा काढला. रजेचा शेवटचा आठवडा ती आतल्या खोलीत दार लावून कामाचे राहिलेले अहवाल लिहील. "आई, मी घरात नाहीच असं समजायचं. बघू या जमतं का."

हे ती समोरासमोर बोलली, म्हणून ऑपरेटरबाईंना कळलं. "जमायचं काय त्यात? मी एका वेळी साठ लाइनी सांभाळल्यायत. ही तर एकच आहे आणि तिला नंबरही माहीत नाही."

वरून त्या खळखळून हसल्या. आतून पाचावर धारण बसली होती.

पण देव आंधळ्यासाठी काठी आणि बहिऱ्यासाठी दुकानं ठेवतो. रविवारी मुलगा एका दुकानातून बेबी मॉनिटर घेऊन आला. दोन पांढऱ्या डब्या. एक पाळण्याशेजारी ठेवायची, दुसरी आपल्याजवळ. बाळ रडलं की आवाज या डबीतून त्या डबीत. आणि आपल्याजवळच्या डबीवर पाच दिवे होते. बाळ कुरकुरलं तर एक हिरवा, किरकिर वाढली की दुसरा हिरवा, मग दोन पिवळे आणि भोकाड पसरलं की लाल.

ऑपरेटरबाई त्या दिव्यांकडे बघतच राहिल्या. अकरा वर्षांनी त्यांना कुणीतरी बोर्ड दिला होता.

सोमवारी सकाळी त्यांनी डबी नाडीनं गळ्यात अडकवली, ताठ बसल्या आणि ड्यूटी सुरू झाली. पहिला हिरवा पेटायचा अवकाश, की बाई पाळण्यापाशी हजर. बाळानं तोंड उघडून अजून ते रडायला वापरायचं की जांभईला हे ठरवलेलंही नसायचं. "बोला, नंबर प्लीज," त्या तिला विचारायच्या. रडणं लांबलं तर, "तीन मिनिटं झाली, वाढवायची? वाढवा, वाढवा, तुमच्या आजोबांचं राज्य आहे." आत सून अहवाल सोडून कान देऊन बसायची. आवाज यायच्या आधीच सासूची पावलं ऐकू यायची.

मंगळवारी जेवताना ती म्हणाली, "आई, तुमचे कान काय तीक्ष्ण आहेत हो!"

तिचं तोंड समोर होतं, त्यामुळे हेही कळलं. ऑपरेटरबाईंनी विनयानं मान खाली घातली आणि वाटीतली काकडी खाल्ली.

बुधवारही तसाच गेला.

त्यांच्या वरच्या मजल्यावर जुळी मुलं होती, दोन महिन्यांची. त्यांचा बाप लिफ्टमध्ये ऑपरेटरबाईंच्या मुलाला भेटला आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं दाखवून म्हणाला, काहीतरी उपाय सांगा. मुलाच्या रक्तातच विक्री. त्यानं दुकानाचा पत्ता दिला, डबीचं वर्णन केलं, आमच्याकडे अगदी हीच आहे म्हणाला. वरच्या बापानं गुरुवारी दुपारी अगदी तीच डबी आणली आणि साडेतीन-पावणेचारला सुरू केली.

ऑपरेटरबाईंच्या छातीवर एकदम दिवा पेटला. हिरवा नाही, पिवळा नाही, थेट लाल. त्या धावल्या. पाळण्यात नात डोळे मिटून पडली होती. ओठांच्या कोपऱ्यात थुंकीचा एक बुडबुडा आत-बाहेर होत होता. ऑपरेटरबाईंनी नातीकडे बघितलं, मग दिव्याकडे. लाल. पुन्हा नातीकडे. झोपलेली. एकतीस वर्षांत माणसं लाखदा खोटं बोलली होती, पण दिवा एकदाही खोटा लागला नव्हता. दिवा लागलाय म्हणजे लाइनीवर कुणीतरी आहे. त्यांनी लंगोट तपासला, कोरडा. पाठीखाली काही टोचतंय का बघितलं, काही नाही. लाल. शेवटी त्यांनी झोपलेल्या नातीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि येरझाऱ्या घालत जोरजोरात समजूत काढायला लागल्या. "उगी, उगी, माझ्या राणीला कुणी मारलं? रडू नको गं, एवढं रडतात का? सगळी इमारत गोळा होईल!"

आतल्या खोलीत सुनेनं दोन बाळांचं रडणं ऐकलं. तिला एकच होतं. ती बाहेर आली.

गळ्यातल्या डबीतून, वरच्या डबीशी लहर जुळल्यामुळे, जुळ्यांचा कल्लोळ चालला होता. एक थांबला की दुसरा, मग दोघं मिळून. आणि त्या कल्लोळाला छातीशी बांधून सासू फिरत होती, खांद्यावर तिची मुलगी गाढ झोपलेली.

"आई, ती वरची जुळी मुलं आहेत."

"फुलं? पोरगी रडून लाल झालीय आणि तुला फुलं सुचतायत!"

सुनेनं पोरीकडे बघितलं. डबीकडे बघितलं. प्रयोगशाळेत एका नमुन्यावरून निकाल देत नाहीत. ती सासूच्या मागे गेली आणि रोजच्याच आवाजात, अगदी स्वच्छ म्हणाली, "आई, स्वयंपाकघराला आग लागलीय."

कपाटाच्या काचेत ऑपरेटरबाईंना तिचे ओठ हलताना दिसले. त्यांनी घड्याळ बघितलं. चार.

"हो, मलाही टाक अर्धा कप," त्या म्हणाल्या. "साखर कमी."

सुनेनं पुढे येऊन डबीचं बटण बंद केलं. दिवे विझले. "बघ, झाली गप्प," ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि वळल्या. सुनेचा चेहरा बघितला, तेव्हा त्यांनी गळ्यातली डबी काढून ठेवली.

सुनेनं खरंच चहा केला. बाळाला पाळण्यात ठेवलं. समोर खुर्ची ओढून बसली, जवळ, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"ऐकू येत नाही त्याला."

ऑपरेटरबाईंनी कपातली साय बोटानं काढून बशीच्या कडेला लावली. "उजवा चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. डावा अधूनमधून कामावर येतो."

"यांना माहितीय?"

"तुझ्या नवऱ्याला? तो एवढा कमी बोलतो, मला फरकच पडला नाही."

सुनेला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. "आई, मला सोमवारी जायचंय. तुम्ही कानाचं यंत्र लावा."

"नाही लावणार. एकतीस वर्षं या डोक्यावर लोखंड वागवलंय मी. ते उतरवलं त्या दिवशी मैत्रिणींना पेढे वाटले होते. आता परत कानात खुंटी ठोकून घेऊ?"

"मग पाळणाघर."

"त्या बदकांकडे? आणि तिथं काय, बारा पोरांमागे एक बाई. बारा पोरं आणि दोन कान!"

"दोन आहेत ना पण," सून म्हणाली.

ती हे हळू बोलली होती. ऑपरेटरबाईंना ते ओठांवरून नीट दिसलं. त्यांनी चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी मुलाला सांगितलं गेलं. तो खुर्चीतूनच म्हणाला, "तरीच."

"तरीच काय?" सुनेनं विचारलं.

"मला वाटायचं, आई माझं ऐकत नाही."

शुक्रवारी डबी कपाटात गेली. सून बाहेरच बसून होती. सासूशी ती नेहमीसारखीच वागत होती, उलट जरा जास्तच नीट, आणि ऑपरेटरबाईंना तेच सहन होत नव्हतं. भांडली असती तर बरं झालं असतं, चार शब्द तरी मोठ्यानं बोलली असती. दुपारी तिनं समोर येऊन विचारलं, "दहा मिनिटं बघता? अंघोळ करून येते." ऑपरेटरबाईंनी मान हलवली.

पाळण्यात लायटनिंग जागी होती. स्वतःची मूठ तोंडात घालायचा तिचा प्रयत्न चालला होता आणि मूठ दर वेळी गालावर जात होती. ऑपरेटरबाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली. खिडकीपाशी गेल्या. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. निळी, पांढरी, परत निळी. एक माणूस शिडीवर उभा राहून पाण्याच्या टाकीत डोकावत होता. ऑपरेटरबाईंनी डावा कान खोलीकडे केला, जितका करता येईल तितका. खोली शांत होती. चादरी हलत होत्या, त्यांचाही आवाज नव्हता. सगळं जग कसं शहाण्यासारखं वागत होतं.

त्या वळल्या.

नातीचा चेहरा जांभळट झाला होता. तोंड इतकं उघडलेलं की आतली जीभ थरथरताना दिसत होती. डोळ्यांतलं पाणी कानाच्या पाळीपर्यंत ओघळून तिथं साचलं होतं, म्हणजे हे बराच वेळ चाललं होतं. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांनी तिला उचललं. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

सून ओल्या केसांनी धावत बाहेर आली तेव्हा नात शांत झाली होती आणि सासू खिडकीला पाठ लावून बसली होती.

"कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं?" ऑपरेटरबाईंनी विचारलं. "आणि कातडीच्या रंगाचं यंत्र नको मला. लपवायचं काय त्यात? लाल मिळतं का विचार."

शनिवारी त्या गेल्या. कान तपासणारी एक चटपटीत मुलगी होती, आपल्या सुनेहूनही लहान. तिनं त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ऑपरेटरबाईंनी हेडफोन काढून, पट्टी नीट सरकवून, परत घातला. "असा घालतात. केस अडकत नाहीत." पाठ आपोआप ताठ झाली होती.

मुलगी काचेपलीकडे आपल्या यंत्राशी बसली. तपासणी सुरू झाली. आणि ऑपरेटरबाईंना दिसलं की मुलीनं आवाज सोडला की तिच्या यंत्रावर एक छोटा हिरवा दिवा लागतो, आणि तो तिच्या मागच्या तसबिरीच्या काचेत लख्ख दिसतो. लागला, विझला. लागला, विझला. आवाज एकही नाही. अंगठा बटणावर होता. दिव्याबरोबर दाबत गेलं तर या मुलीच्या बापालाही कळलं नसतं. कागदावर शिक्का बसला असता, कान उत्तम. तो कागद सुनेच्या तोंडावर फेकता आला असता.

ऑपरेटरबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

अंधारात त्या आवाजाची वाट बघत बसल्या. खूप वेळानं, खूप लांबून डास गुणगुणावा तसं काहीतरी आलं. त्यांनी बटण दाबलं.

निकाल त्यांच्या अपेक्षेपेक्षा वाईट होता. उजवा गेलेलाच, डावा अर्ध्याहून कमी. यंत्र यायला आठवडा लागणार होता. सुनेनं रजा आठ दिवस वाढवली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. लाल रंग मिळाला नाही, जांभळा मिळाला.

यंत्र लावल्यावर पहिले काही दिवस ऑपरेटरबाई दचकत होत्या. फ्रिज गुरगुरतो हे त्या विसरून गेल्या होत्या. मुलगा झोपेत दात खातो हे त्यांना नव्यानं कळलं. "तू एवढं बोलतेस?" त्यांनी सुनेला विचारलं. "मला वाटायचं, गरीब गाय घरात आलीय." तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सून माहेरच्या फोनवर बोलत होती तेव्हा बाहेरून उत्तर गेलं, "हट्टी मी नाही, तुझी आई!" त्यानंतर घरात खासगी बोलायचं झालं तर लोक गच्चीवर जायला लागले.

सून कामावर गेली त्या पहिल्या दिवशी तिनं दुपारपर्यंत सात फोन केले. दूध किती प्यायली, झोपली का, रडली का, मग थांबली का. आठव्या वेळी ऑपरेटरबाईंनी नाकात आवाज काढून सांगितलं, "या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत. कृपया पाणी तपासा." आणि ठेवून दिला. प्रयोगशाळेत सून फोन हातात धरून एकटीच हसत होती, असं तिच्या शेजारणीनं नंतर सांगितलं.

त्यानंतर सव्वातीन वर्षं ऑपरेटरबाईंनी नात सांभाळली. फार आदर्श सांभाळली असं म्हणता येणार नाही. लायटनिंगला बोलता यायला लागल्यावर तिचा पहिला पूर्ण शब्द 'हॅलो' होता, आणि दुसरा पाहुण्यांसमोर उच्चारण्याजोगा नव्हता. वरच्या मजल्यावरचे जुळेही दुपारी खाली यायला लागले. त्यांची आई कामावरून येईपर्यंत तिन्ही पोरं गालिच्यावर ओळीनं बसून एकमेकांना परगावचे कॉल लावायची आणि ऑपरेटरबाई खुर्चीतून सगळ्यांच्या बोलण्यात तोंड घालायच्या. दमल्या की त्या यंत्र काढून वाटीत ठेवायच्या, पण पोरांच्या आया घरी आल्यावरच. त्याआधी कधीही नाही. एकदा मुलानं बघितलं होतं, यंत्रामुळे कानामागे सोलवटलं होतं, तिथं मलम लावून, त्यावर कापूस ठेवून त्यांनी ते परत चढवलं होतं. "काढ की थोडा वेळ," तो म्हणाला. "ड्यूटी संपली की," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या तो रविवार होता. दुपारचं जेवण झालं होतं. मुलगा खुर्चीतच पेंगत होता. लायटनिंग आजीच्या मांडीवर डोकं ठेवून कोचावर झोपली होती, एक पाय कोचाच्या पाठीवर चढवून. सून ब्रेड आणायला खाली निघाली होती. ती पंधरा मिनिटांत परत आली, तेव्हा नात तशीच झोपलेली होती आणि आजीचा हात तिच्या केसांवर होता. काही वेगळं आहे हे कळायला सुनेला पिशवी ओट्यावर ठेवेपर्यंतचा वेळ लागला.

शेवटचं काय बोलल्या, असं भेटायला आलेले सगळे विचारत होते. एवढी तोंडाळ बाई, जाताना काहीतरी जबरदस्त म्हणाली असणार, असा त्यांचा होरा होता. सून दर वेळी खरं तेच सांगायची. ती चपला घालून दारात उभी होती. अजून काही आणायचंय का, असं तिनं विचारलं. ऑपरेटरबाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि मांडीवरच्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दार हळू ओढ गं. आत्ताच झोपलीय."